सातबारावर भात, जमिनीत तिवरं: खारेपाटातली जागा तपासताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेण तालुक्यात धरमतर खाडीच्या अंगाला साधारण सहा एकरांचा एक गट विक्रीला आहे. सातबारावर पीक भात, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) नावापुरता. खाडीकडच्या बांधाला काही वर्षांपूर्वी खांड पडली, ती कोणी बुजवली नाही आणि खालच्या भागात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवली. वरच्या बाजूला, डोंगराकडे, गोड्या पाण्याचं एक तळं आहे. पावसाळ्यात भरतं, होळीपर्यंत आटतं. पुण्याच्या गिऱ्हाइकाला तिथे फार्महाउसचे प्लॉट पाडायचे आहेत. दलाल म्हणतो, 'पाणथळींच्या सरकारी यादीत हा गट नंबर नाही, म्हणजे जागा मोकळी.' विचारणारे स्वतः जमीन-सल्लागार आहेत आणि त्यांना लेखी अभिप्राय द्यायचा आहे. दलालाचं मानायचं का, आणि परवानग्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या, हे त्यांना हवं आहे.

दलाल अर्धा बरोबर आहे, आणि घात या अर्ध्यामुळेच होतो. वरच्या तळ्यापुरतं त्याचं म्हणणं बहुतेक टिकेल. खालच्या तिवरांचा मात्र त्या यादीशी काही संबंधच नाही. एका गटात दोन वेगळी पाणी आहेत, खारं आणि गोडं, आणि दोन्हींचे कायदे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, नकाशेही वेगळे. म्हणून कागद काढण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: गटाच्या कोणत्या भागात कोणतं पाणी येतं, कुठून येतं आणि किती दिवस राहतं. हे कळलं की कोणतं दार ठोठवायचं ते आपोआप कळतं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. आधी सातबारा, मग झोन दाखला, मग गुगलचा फोटो, आणि जमिनीवर पाय शेवटी, तोही मे महिन्यात, सगळं कोरडं असताना.

आधी खारा भाग घेऊ, कारण पैसे तिथेच बुडतात.

खारेपाटातली भातशेती ही मुळात खाडीकडून बांध घालून मिळवलेली जमीन. बांध, त्यातली उघाडी, आत भात. भरतीला उघाडीची झडप बंद होते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर पडतं. ही व्यवस्था नीट असेपर्यंत शेत गोडं. बांधाला खांड पडली किंवा उघाडी सडली की उधाणाचं पाणी आत येतं, दोनतीन हंगामांत भात जातं, आणि भरतीबरोबर आलेलं तिवराचं बी रुजतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे त्याचं बुडालेलं शेत. कायद्याच्या दृष्टीने ते आता कांदळवन. सातबारावर 'भात' लिहिलेलं असल्याने काही वाचत नाही. सातबारा महसूल वसुलीसाठी आहे, जमिनीवर आज काय उभं आहे याचा तो पुरावा नव्हे.

सीआरझेडमधला, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमधला, एक तपशील या जागेसाठी निर्णायक आहे आणि तो फार थोडे सल्लागार वापरतात. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ची. सध्या महाराष्ट्रात चालते ती १८ जानेवारी २०१९ची. तिच्यात असं आहे की १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वी बांधलेला बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबते. म्हणजे बांधाच्या आतलं भातशेत एरवी सीआरझेडच्या बाहेर पडू शकतं. पण लगेच पुढे असंही आहे की खारं पाणी आत शिरल्यामुळे बांधाच्या आतल्या अंगाला कांदळवन उगवलं असेल, तर तेवढा भाग सीआरझेड-१अ, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचा वर्ग, मग त्याचं क्षेत्र कितीही असो. तुमच्या गटाला ही दोन वाक्यं शब्दशः लागू आहेत. जिथे तिवर नाही तो भाग सुटण्याची शक्यता आहे; जिथे आहे तो अजिबात नाही.

म्हणून बांधाचं वय सिद्ध करणं हे पहिलं काम. बांध सरकारी योजनेतला असेल तर पेणच्या खारभूमी विभागात योजनेचं नाव, लांबी, काम पूर्ण झाल्याचं वर्ष मिळतं. महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम १९७९चा आहे आणि त्याखालच्या योजनांची दप्तरं असतात. खासगी खारबंदिस्ती असेल तर गावचा जुना नकाशा, जुने फेरफार आणि सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी पत्रकं काढा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलंत तर तो उघाडी कोणी, कधी, कोणत्या उधाणानंतर बदलली ते सांगेल. ते ऐका आणि मग त्याला आधार देणारा कागद शोधा. तोंडी माहिती किनारा क्षेत्र प्राधिकरणासमोर चालत नाही, पण कागद कुठे शोधायचा ते तिच्यावरून कळतं.

बांध फुटला म्हणून भरतीरेषा आपोआप आत सरकत नाही. पण मंजूर किनारा आराखडा (सीआरझेडच्या हद्दी दाखवणारा सरकारी नकाशा) तयार होत होता तेव्हा बांध फुटलेला असेल, तर रेषा आत ओढली गेलेली असू शकते. आराखड्याचा पत्रक क्रमांक काढून गट त्यावर बसवल्याशिवाय तोंड उघडू नका. हे आराखडे १:२५,००० प्रमाणाचे असतात. त्यावर पेन्सिलीच्या रेघेची जाडी जमिनीवर काही मीटर होते. सहा एकरांच्या गटाला त्यावरून अभिप्राय देणं म्हणजे अंदाज देणं. प्रकल्पासाठी भरतीरेषा आखायची ती १:४००० प्रमाणावर, आणि ती आखण्याचा अधिकार ठरावीक संस्थांनाच आहे. चेन्नईचं राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र, अण्णा विद्यापीठाची दूरसंवेदन संस्था ही त्यांतली नेहमीची नावं. खासगी सर्वेअरने ऑटोकॅडवर काढलेली 'एचटीएल' (भरतीरेषा) कितीही देखणी असली तरी कामाची नाही. या पट्ट्यात अशा रेषांवर व्यवहार झालेले मी पाहिले आहेत, आणि त्यांतले काही अजून कोर्टात आहेत.

आता तिवरांच्या भोवतालचा पट्टा. अधिसूचना म्हणते, कांदळवनाचं क्षेत्र १००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर त्याभोवती ५० मीटरचा पट्टा राखायचा आणि तोही १अ मध्येच मोजायचा. यावरून काही जण हिशेब मांडतात की आपलं तिवर आठशे चौरस मीटरचं आहे, म्हणजे पट्टा नाही. महाराष्ट्रात हा हिशेब चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेशाने राज्यभर कांदळवनतोडीला बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८च्या निकालात ती कायम केली. त्या निकालाप्रमाणे जमीन कोणाच्याही मालकीची असो, क्षेत्र कितीही असो, कांदळवनाच्या सर्व बाजूंनी ५० मीटरांत बांधकाम नाही. अधिसूचना आणि निकाल यांत जे जास्त कडक ते धरून नकाशा काढा. ५० मीटर ऐकायला थोडे वाटतात. पण दोन गुंठ्यांचं एक चौकोनी बेट गटाच्या मधोमध असेल, तर त्याच्या चारही बाजूंचा पट्टा मिळून जवळपास तीन एकर गोठतात. तिवर किती आहे यापेक्षा ते कुठे आहे याला किंमत आहे.

तोडीची परवानगी मिळते का? त्या निकालाप्रमाणे लोकहितासाठी अपरिहार्य असेल तरच, आणि त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. बुलेट ट्रेनलासुद्धा जावं लागलं. डिसेंबर २०२२ मध्ये कोर्टाने परवानगी दिली. फार्महाउसच्या प्लॉटसाठी हा रस्ता नाही, गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट लिहा. 'सध्या परवानगी मिळणं अवघड दिसते' अशी मऊ वाक्यरचना केलीत तर तो त्याचा अर्थ 'कोणाला तरी भेटलं पाहिजे' असा घेईल.

शिवाय मालकीचा प्रश्न आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे भरतीच्या पाण्याखालचा खाडीचा तळ सरकारचा. बांधाच्या बाहेरची, खाडीकडची पट्टी जर विक्रीच्या क्षेत्रात धरलेली असेल तर तुमचं गिऱ्हाईक सरकारी जमिनीचे पैसे देत आहे. मोजणी करून घ्याल तेव्हा बांध हद्दीच्या आत दाखवला आहे की बाहेर, हे भूमापकासमोर उभं राहून बघा.

जागेवर काय बघायचं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण अभिप्रायाचा कणा तोच आहे. अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एकदोन दिवसांत जा, उधाणाच्या भरतीला, आणि ओहोटीपर्यंत थांबा. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत गेलात तर पाणी खांडीपर्यंत पोचणारही नाही आणि तुम्ही 'कोरडं' असं लिहून याल. भरती शिगेला असताना पाणी जिथे टेकतं तिथे काठ्या रोवा, हातातल्या जीपीएसवर बिंदू घ्या. तिवराच्या बुंध्यावर चिखलाची एक रेघ असते, पानांवर सुकलेल्या गाळाची राख असते. त्या उंचीवरून मोठ्या उधाणाचं पाणी कुठवर चढतं ते कळतं. जमिनीतून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वसनमुळं झाडापासून किती लांब पसरली आहेत ते पाहा, कारण कांदळवनाची कड मुळांवरून ठरवायची, पर्णसंभारावरून नव्हे. दुसरं, झाड ओळखता यायला हवं: चिपीची मुळं जाड आणि टोकदार, कांदळाची काठीच्या कैचीसारखी खोडातून खाली उतरलेली, काटेरी पानांची मारांडी बहुधा कडेला. मांसल पानांची माचोळ म्हणजे तिवर नव्हे, पण खारं पाणी तिथवर येतं याची ती खूण.

मग हातभर खड्डा घ्या. वर तपकिरी थर आणि त्याखाली काळपट-निळा चिखल, कुजक्या अंड्याचा वास, म्हणजे ही माती वर्षाचा मोठा काळ पाण्याखाली असते. मुळांच्या नळ्यांभोवती गंजाचे ठिपके दिसले तर पाणी येतं-जातं. निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारताना दिसल्या, चिंबोऱ्यांची बिळं ओली असली, तर भरतीचं पाणी रोजचं आहे, वर्षातून दोनदा येणारं नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. साधा रिफ्रॅक्टोमीटर जवळ ठेवा. भरतीचा प्रभाव कुठे संपतो हे अधिसूचना उन्हाळ्यातल्या खारेपणावरून ठरवते, हजारी ५ भाग. पावसाळ्यात घेतलेलं मोजमाप इथे निरुपयोगी, कारण तेव्हा खाडीचं पाणीही पातळ झालेलं असतं.

खाडीपासूनच्या पट्ट्याबद्दल अधिक लांबण लावत नाही. २०१९च्या अधिसूचनेत खाडीकाठाला भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं कमी असेल ते. जुन्या १०० मीटरच्या नियमावर तयार केलेले अहवाल अजून फिरत असतात. तारीख बघून घ्या.

आता वरचं तळं. इथे पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २०१७ लागतात का, हा प्रश्न. हे नियम २६ सप्टेंबर २०१७चे. त्यातली पाणथळीची व्याख्या अतिशय रुंद आहे: दलदल असो वा पाणी, नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा हंगामी, गोडं, मचूळ वा खारं. होळीला आटतं म्हणून तळं व्याख्येबाहेर जात नाही. पण व्याख्येतच वगळलेल्या गोष्टी आहेत: नदीचं पात्र, भातशेत, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम केलेले साठे, आणि मत्स्यशेती, मीठ, मनोरंजन व सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या रचना. भातखाचरं त्यामुळे सुटतात. खारेपाटात घरोघरी असलेली जिताड्याची तळीही सुटतात, ती खरोखर मासे ठेवायलाच खोदली असतील तर. शिवाय जी पाणथळ वन कायद्याखाली, वन्यजीव कायद्याखाली किंवा सीआरझेडमध्ये आधीच येते तिला हे नियम लागत नाहीत. तिथे तो तो कायदा. म्हणूनच वर म्हटलं की तिवरांना ती यादी लागू नाही. दलाल यादी दाखवतो तेव्हा तो खाऱ्या भागासाठी गोड्या भागाचा कागद दाखवत असतो.

व्याख्येत बसणं आणि बंधनं लागू होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. नियम लागू होतात ते रामसर यादीतल्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या) आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळींना. राज्यात रामसर स्थळं मोजकी: नांदूरमध्यमेश्वर, लोणार, ठाणे खाडी. त्यांच्यापलीकडे सर्वोच्च न्यायालयाचा ८ फेब्रुवारी २०१७चा आदेश आहे. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशातल्या सव्वादोन हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळी नोंदल्या होत्या. त्या सगळ्यांना तेव्हाच्या, २०१०च्या नियमांतल्या नियम ४ मधल्या तत्त्वांचं संरक्षण द्या, असं कोर्टाने सांगितलं. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकरांहून थोडं जास्त. तुमचा गटच सहा एकरांचा आहे, तळं त्याच्या एका कोपऱ्यात. ते स्वतंत्रपणे त्या मोजदादीत असण्याची शक्यता जवळपास नाही. पण तळं शेजारच्या गटांत पसरलेलं असेल तर सगळं मिळून मोजा. पाण्याला गट नंबर ठाऊक नसतो, आणि सल्लागार नेमका हद्दीवर मोजमाप थांबवतो.

२०१७च्या नियमांतल्या नियम ४ मध्ये काय आहे ते गिऱ्हाइकाला सांगून ठेवा: पाणथळीचा दुसऱ्या कामासाठी वापर आणि अतिक्रमण नाही, उद्योग नाही, राडारोडा वा कचरा टाकणं नाही, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं नाही, आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरांत कायमचं बांधकाम नाही, सूट फक्त होड्यांच्या धक्क्याला. ही दहा वर्षं नियम सुरू झाल्याच्या तारखेपासून मागे मोजायची. अधिसूचनेची वाट अशी: संबंधित खात्याने संक्षिप्त दस्तऐवज करायचा, राज्य पाणथळ प्राधिकरणाने शिफारस करायची, मग मसुदा राजपत्रात, हरकतींना ६० दिवस, आणि शिफारशीपासून २४० दिवसांच्या आत अंतिम अधिसूचना. कागदावर. प्रत्यक्षात याला वर्षं लागली आहेत, म्हणून ११ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जागेवर जाऊन पडताळणी आणि सीमांकन पूर्ण करायला तीन महिन्यांची मुदत दिली आणि रामसर स्थळांवर उच्च न्यायालयांना लक्ष ठेवायला सांगितलं. अर्थ एवढाच की यादी हलती आहे. 'अमुक तारखेस अधिसूचित नाही' असं लिहा. 'पाणथळ नाही' असं लिहू नका. या दोन वाक्यांत तुमची व्यावसायिक जबाबदारी बदलते.

सिंचनासाठी बांधलेलं म्हणजे कायमचं सुटलं, असाही समज आहे. नांदूरमध्यमेश्वर गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा बंधाराच आहे, सिंचनाचा. गाळ साठला, गवताळ बेटं झाली, पक्षी आले, आणि आज ते रामसर स्थळ आहे. उलट भंडारा-गोंदियाकडचे माजी मालगुजारी तलाव पिढ्यान्‌पिढ्या सिंचन करतात, सारसही पोसतात, आणि व्याख्येच्या वगळणीमुळे मधल्यामध्ये लटकतात. विदर्भातल्या सहकाऱ्यांनी हे उत्तर वाचलं तर त्यांना माझं सांगणं की तिथे तलावाची सरकारी मालकी आणि निस्तार हक्क (गावकऱ्यांचे वापराचे जुने हक्क) आधी काढा. पाणथळीचे नियम त्यानंतर. गोव्यात खाजण जमिनींचं गणित खारेपाटासारखंच आहे, उघाडीच्या जागी मानस म्हणतात एवढंच, पण परवानग्यांची साखळी वेगळी आहे. इथला अभिप्राय तिकडे चिकटवू नका.

तर तुमचं तळं पाणथळ नियमांतून बहुधा सुटेल. म्हणून ते बुजवावं का? गाव नकाशात ते तळं म्हणून दाखवलेलं असेल किंवा पोटखराबा वर्ग ब मध्ये असेल तर ते सार्वजनिक वापराचं आहे, कलम २० परत येतं आणि विषय संपतो. तसं नसलं तरी डोंगराचं पावसाळी पाणी तिथे थांबतं आणि मग हळूहळू उघाडीकडे जातं. ते बुजवलं की तेच पाणी एकदम खाली येणार, आणि खाली भरती असेल त्या वेळी उघाडी बंद असते. जुलैमध्ये मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच दिवशी आले की प्लॉटच्या जोत्यावर पाणी. त्या पट्ट्यात हे दर दोनचार वर्षांनी घडतं. माझा सल्ला, तळं लेआउटच्या मोकळ्या जागेत धरा. नियमाप्रमाणे मोकळी जागा ठेवावीच लागते, ती तिथे ठेवा.

भरावाबद्दल वेगळं लिहितो, कारण ही जागा बिघडेल ती इथूनच. व्यवहार होताच कोणीतरी सांगणार की परवानगी येईपर्यंत रस्त्यापुरते चार डंपर टाकून घ्या. रॉयल्टीची पावती असली तरी ती मातीची परवानगी, जागा भरायची नव्हे. तिवरावर किंवा त्याच्या पट्ट्यात भराव म्हणजे पर्यावरण संरक्षण कायद्याचा भंग. १ एप्रिल २०२४ पासून त्यातली तुरुंगाची शिक्षा जाऊन १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला आहे. हे ऐकून काही बिल्डरांना हायसं वाटलं. त्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत: जमीन वन म्हणून घोषित असेल तर भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा वेगळा दाखल होतो, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाचा अवमान हा त्याहून वेगळा. शिवाय भराव काढून जागा पूर्ववत करायचा खर्च मालकाचा, मग भराव कोणीही टाकलेला असो. तक्रारीही आता लवकर पोचतात. न्यायालयाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली कांदळवन आणि पाणथळ अशा दोन्हींसाठी समित्या आहेत, आणि गावातला कोळी मोबाइलवरून जागेसह फोटो पाठवतो. ते त्याच्या मासळीचं शेत आहे, तो पाठवणारच.

परवानग्यांचा क्रम. आधी मोजणी, तिच्यात बांध, उघाडी, तळं आणि तिवराची कड ठळक दाखवून. मग मंजूर किनारा आराखड्याचं पत्रक. मग अधिकृत संस्थेकडून १:४००० वर भरतीरेषा आणि गटाचं अध्यारोपण. तिवराबाबत वनखात्याच्या कांदळवन कक्षाचा अभिप्राय आणि जागा वन म्हणून घोषित आहे का याची पडताळणी; त्याच फेरीत ती खासगी वन म्हणून १९७५च्या कायद्याखाली गेली आहे का तेही विचारा, डोंगराकडच्या भागासाठी. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून तळ्याबद्दल पाणथळ म्हणून काही प्रस्ताव वा नोंद आहे का, याचं लेखी उत्तर. यानंतर उरलेल्या स्वच्छ भागापुरतं लेआउट काढा. कोणताही भाग सीआरझेडमध्ये येत असेल तर अर्ज राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, परिवेश पोर्टलवरून. आणि त्यानंतरच बिनशेती व बांधकाम परवानगी. नियोजन प्राधिकरण कोण, जिल्हाधिकारी, सिडको की एमएमआरडीए, हे पेण-पनवेल-उरण पट्ट्यात गावागणिक बदलतं. आधी विचारून घ्या. बिनशेती आधी करून सीआरझेड नंतर बघू, असं करणारे बरेच आहेत. बिनशेतीचा आदेश मिळाला म्हणून तिवरावरचा हक्क मिळत नाही, त्यात छापील अटच असते की इतर कायद्यांच्या परवानग्या वेगळ्या घ्याव्यात. ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते.

फुटलेला बांध दुरुस्त करता येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विक्रेता शेतकरी ते विचारणार. आत तिवर उगवण्याआधी खांड बुजवली असती तर शेत शेत राहिलं असतं. म्हणूनच खांड पडल्या वर्षीच खारभूमी विभागाकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, असं मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो. उगवल्यानंतर बांध घालून आतलं पाणी तोडलं की तिवर वाळतं, आणि पाणी तोडून मारणं हेही मारणंच आहे. तिवराच्या वरच्या अंगाला, जिथे झाड नाही तिथे, नवी आतली मेर घालून उरलेलं भात वाचवणं हा मध्यम मार्ग. तोही प्राधिकरणाला विचारून. हा शेतकऱ्यावर अन्याय आहे असं माझं मत आहे. सरकारी योजनेचा बांध सरकारने राखला नाही म्हणून त्याचं शेत गेलं, आणि वर त्यालाच बंधन. नुकसानभरपाईची मागणी खारेपाटात जुनी आहे आणि रास्त आहे. पण त्याचा राग तिवरावर काढायला सल्लागाराने मदत करू नये.

गिऱ्हाइकाला जागा तरीही घ्यायची असेल, तर खालच्या भागाचा उपयोग शून्य नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६क (इंग्रजीत ३६-सी) प्रमाणे खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने समुदाय राखीव क्षेत्र होऊ शकतं. कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेत खेकडापालन, शिंपलेपालन अशी कामं गावच्या गटांमार्फत होतात. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत महिला बचत गटाने कांदळवन सफारी चालवून दाखवली आहे. फक्त एक करू नका: हौसेने मोकळ्या चिखलपट्टीवर तिवरं लावू नका. ओहोटीला उघडी पडणारी ती चिखलाची पट्टी तुतवारांची, रोहित पक्ष्यांची जेवणाची जागा आहे. झाडं लावली की ती जाते. आणि पाण्याची तोंडं उघडी ठेवा. नेरूळचं डीपीएस तळं २०२४ मध्ये कोरडं पडत गेलं ते कोणी झाडं तोडली म्हणून नव्हे, भरतीचं पाणी आत यायचे मार्ग बुजले म्हणून. रोहित पक्षी तिथून हटले. तुमच्या लेआउटचा रस्ता खांडीवरून जाणार असेल तर त्याखाली मोरी किती रुंदीची, तिचा तळ कोणत्या पातळीवर, हे भरतीच्या मोजमापावरून ठरवा. साधारण एक पाइप टाकून भागवलंत तर आतलं तिवर वाळेल आणि जबाबदारी रस्त्याच्या मालकावर येईल.

अभिप्राय लिहिताना एकाच नकाशावर गटाचे तीन तुकडे दाखवा: तिवर आणि त्याचा ५० मीटरचा पट्टा, तळं आणि त्याचा पाणलोट, आणि उरलेला भाग. प्रत्येकाचं क्षेत्र गुंठ्यांत. पाहणीची तारीख, त्या दिवसाची भरतीची वेळ आणि उंची, फोटोंचे बिंदू. भाव एकरावर ठरला असेल तर तो उरलेल्या तुकड्यावर पुन्हा बोलायला लावा. पूर्ण सहा एकरांचे पैसे देऊन दोन एकर वापरणं हा धंदा नव्हे. साठेखतात अट घाला की भरतीरेषेचा अधिकृत नकाशा येईपर्यंत विसाराच्या पुढे रक्कम जाणार नाही, बांधकामयोग्य क्षेत्र ठरलेल्यापेक्षा कमी निघालं तर व्यवहार रद्द करण्याचा हक्क खरेदीदाराला राहील, आणि तोपर्यंत जागेवर भराव किंवा तोड झाली तर ती विक्रेत्याची जबाबदारी. विक्रेता या शेवटच्या अटीला तयार झाला नाही, तर डंपर आधीच ठरलेला आहे असं समजा आणि गिऱ्हाइकाला दुसरी जागा दाखवा.